सल्लागार आणि शिवार

हिंगोलीच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगरांच्या शेवटच्या, थकल्यासारख्या रांगा पसरल्या आहेत. रिसोडच्या बाजूनें येणारी कयाधू नदी या उंचसखल मुलखांतून वाट काढीत सेनगांव, हिंगोली व कळमनुरी या तालुक्यांतून जाते आणि पुढें पैनगंगेस मिळते. ज्या नरसीशीं नामदेवांचें नांव जोडलेलें आहे, तें गांव हिच्याच कांठचें. भाद्रपदांत ही नदी पूल झांकून टाकते आणि वैशाखांत तिच्या पात्रांत वाळू व दगडगोटे यांवांचून कांहीं दिसत नाहीं. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा काढून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला; तेव्हां जिल्हा या नात्यानें त्याचें वय फारसें नाहीं. परंतु या मुलखास व याच्यासारख्या कोरडवाहू मुलखांस बाहेरून सल्ला देणाऱ्यांची परंपरा बरीच जुनी आहे. हवामानबदल आणि जैवविविधता हे शब्द आतां वर्तमानपत्रांतून घरोघर पोंचले आहेत; १९९२ सालीं रिओ दि जानेरो येथें भरलेल्या जागतिक परिषदेंत या दोन्ही विषयांवरील करार सह्यांसाठीं मांडले गेले, आणि तेव्हांपासून धनिक राष्ट्रांनीं गरीब राष्ट्रांस पैसा व सल्ला पुरवावा ही रीत रूढ झाली. पण शब्द नवे असले तरी प्रसंग नवा नाहीं.

शेतकऱ्याला सल्ला देणारे त्याच्या गांवांतही होतेच. पाडव्यास जोशीबुवा पंचांग उघडीत आणि मृगाचें वाहन कोणतें तें सांगत. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर मंडळी समाधानानें उठत. कोल्हा किंवा मेंढा निघाला तर पावसाची ओढ धरून चालत. या भाकितांत तथ्य किती, हा प्रश्न बाजूस ठेवूं. त्याहून मोलाचा सल्ला गांवांतील जुन्या कुणब्याच्या हातांत होता, आणि तो बोलून दाखविण्याची त्याला गरज वाटत नसे. ज्वारीच्या तासांत तुरीचें तास, कडेला अंबाडी, कापसांत मूग किंवा उडीद, अशी त्याची पेरणी असे. पाऊस लवकर संपला तर मूग पदरांत पडे, उशिरां आला तर तूर साधे. विमा कंपनी ज्या तत्त्वावर चालते तेंच तत्त्व येथें तिफणीनें मातींत लिहिलेलें होतें. परक्या सल्लागारास मात्र हें शेत प्रथमदर्शनीं अव्यवस्थित दिसे. आणि पुढील बऱ्याचशा घोटाळ्याचें मूळ या दिसण्यांत आहे.

पहिला मोठा प्रसंग इ. स. १८४० मधील. मँचेस्टरच्या गिरण्यांस लांब धाग्याचा कापूस हवा होता आणि त्यासाठीं सर्वस्वीं अमेरिकेवर अवलंबून राहणें इंग्रज व्यापाऱ्यांस धोक्याचें वाटूं लागलें होतें. हिंदुस्थानांतील रयतेस कापूस कसा पिकवावा हें शिकविण्यासाठीं ईस्ट इंडिया कंपनीनें कॅप्टन बेल्स नांवाच्या अधिकाऱ्यामार्फत अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतून दहा मळेवाले पगारावर आणले. त्यांच्याबरोबर बियाणें आलें, सरकी काढण्याचीं यंत्रें आलीं, नांगर आले. निरनिराळ्या इलाख्यांत त्यांस जमिनी देण्यांत आल्या. शेतकरी पाहावयास येत, आदरानें ऐकून घेत, आणि घरीं जाऊन आपल्या रीतीनें पेरीत. त्यांस अडाणी व हट्टी म्हणण्यांत आलें. परंतु खुद्द मळेवाल्यांच्या शेतांतच पीक बहुतेक ठिकाणीं बुडालें! अमेरिकेंतील त्या कापसाला पाऊस थोडथोडा व पुष्कळ दिवस लागत असे. येथें तो चार महिन्यांत कोसळून एकाएकी थांबतो आणि मग झाडानें काळ्या मातींतल्या ओलीवर दिवस काढावयाचे असतात. एकट्या धारवाडच्या बाजूस हवा थोडी अनुकूल असल्यामुळें तो अमेरिकन कापूस रुजला आणि 'धारवाड-अमेरिकन' या नांवानें बाजारांत राहिला. बाकीचे मळेवाले कांहीं वर्षांत परत गेले. ज्याला देशी कापूस म्हणून हिणविलें गेलें, त्याचें मूळ खोल जातें आणि थोड्या पाण्यावर तग धरतें, ही गोष्ट त्यांच्या हिशेबांत नव्हती.

या काळांत हिंगोली निजामाच्या राज्यांत होती, आणि तेथें हैद्राबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. याच फौजेच्या खर्चापोटीं १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला; हिंगोली मात्र पैनगंगेच्या अलीकडे निजामाकडे राहिली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला आणि या पट्ट्यांतील बाजारपेठा फुगल्या. छावणी १९०३ सालीं उठली, पण कापसाची पेठ राहिली. पूर्णा जंक्शनापासून हिंगोलीपर्यंतचा लोहमार्ग १९१२ सालीं झाला, तो मुख्यतः याच मालाच्या वाहतुकीचा विचार करून, असें समजण्यास हरकत नाहीं. छावणीच्या वस्तींतून आणि कापसाच्या पेठेंतून हिंगोली शहराची घडण झाली.

अमेरिकन मळेवाल्यांनंतर पन्नास वर्षांनीं एक अगदीं वेगळ्या स्वभावाचा सल्लागार हिंदुस्थानांत आला. त्याचें नांव डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचा हा सल्लागार रसायनशास्त्रज्ञ १८८९ च्या अखेरीस येथें उतरला, वर्षभराहून अधिक काळ देशभर हिंडला, आणि १८९३ मध्यें त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी शेती मागासलेली आहे ही समजूत घेऊन येणाऱ्या वाचकास त्या अहवालानें धक्काच बसला असेल. हिंदी रयत ही सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या बरोबरीची आहे, कांहीं बाबतींत सरसही आहे; तिला उणीव असेल तर ती ज्ञानाची नसून साधनांची, विशेषतः पाण्याची व खताची आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. शेण चुलींत जातें म्हणून शेत उपाशी राहतें हें पाहून त्यानें गांवोगांव सरपण व वैरण यांसाठीं राखीव राने लावावींत अशी सूचना केली. वनखात्याचें लक्ष तेव्हां सागवानाच्या उत्पन्नाकडे होतें. खताचा प्रश्न सोडवावयास निघालेला हा रसायनशास्त्रज्ञ अखेर झाडाझुडपांपाशीं येऊन थांबला, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्याची सूचना कागदावर राहिली. गांवोगांवचीं गायरानें पुढें आक्रसत गेलीं तीं गेलींच.

निजामाच्या राज्यांत परभणी येथें १९१८ च्या सुमारास प्रायोगिक शेत निघालें, आणि त्यापुढील कामाची कथा या विषयांत सर्वांत बोधप्रद आहे. परभणी, नांदेड व हिंगोली या भागांत 'गावराणी' नांवाचा देशी कापूस होत असे. देशी कापसाचा धागा सामान्यतः आंखूड व जाडाभरडा असतो. गावराणीचा मात्र बारीक, रेशमासारखा व देशी कापसाच्या मानानें लांब. परंतु जास्त उतारा देणाऱ्या हलक्या कापसाची सरकी व्यापारी व जिनवाले यांच्या हातून त्यांत मिसळूं लागली आणि मूळ वाण बिघडत चाललें. परभणीच्या संशोधकांनीं येथें परदेशी बियाणें आणण्याची घाई केली नाहीं. शेतकऱ्यांच्याच रानांतून चांगलीं झाडें निवडून, त्यांची बी वेगळी वाढवून त्यांनीं गावराणी ६ सारखीं शुद्ध वाणें सिद्ध केलीं. सरकारनें कायदा करून त्या पट्ट्यांत हलक्या कापसाची लागवड व आयात रोखण्याचा प्रयत्न केला. १९२१ सालीं स्थापन झालेल्या मध्यवर्ती कापूस समितीचें अशा कामास पाठबळ मिळे. आज ज्याला जैवविविधतेचें संरक्षण म्हणतात तेंच हें. फक्त तेव्हां त्यामागें भाव मिळविण्याचा हेतु होता, आणि हेतु रोकडा होता म्हणूनच कदाचित् तें काम टिकलें.

याच सुमारास मुंबई इलाख्यांत कोरडवाहू शेतीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. १९२६ ते १९२८ या वर्षांत लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालीं काम केलेल्या शाही शेतकी कमिशननें या विषयाकडे लक्ष वेधलें आणि १९३३ च्या सुमारास सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक या पांच ठिकाणीं संशोधनकेंद्रें निघालीं. त्यांपैकीं रायचूर निजामाच्या राज्यांत. सोलापूरच्या कामाशीं ना. वि. कानिटकर यांचें नांव निगडित आहे. पुणें शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन यांच्याबरोबर जातेगांव बुद्रुक या गांवाची पाहणी करणारे तेच हे कानिटकर. समपातळींतले बांध घालावे, शेणखत द्यावें, पेरणी विरळ करावी, वरचेवर कोळपावें, अशी ही पद्धति. तींत चूक कांहींच नव्हती. तथापि उत्पन्न वाढे तें थोडें, आणि खर्च व मेहनत शेतकऱ्याच्या पदरचीं. म्हणून प्रचार होऊनही ती फारशी पसरली नाहीं. १९४२ च्या जमीनसुधारणा कायद्यानें बांध घालण्याचें काम सरकारनें अंगावर घेतलें. मुरमाड माळावर हे बांध उपयोगी पडले. खोल काळ्या जमिनींत मात्र बांधाच्या वरच्या अंगास पाणी तुंबून पीक पिवळें पडे, आणि उन्हाळ्यांत मातीस भेगा पडत असल्यामुळें पहिल्याच मोठ्या पावसांत बांध फुटे. शेतकऱ्यानें स्वतःच तो फोडल्याचीं उदाहरणेंही कांहीं कमी नाहींत. कचेरींत त्याची नोंद असहकार म्हणून होई. खरें पाहतां तो अभिप्राय होता.

काळ्या मातीचें हें कोडें सुटावयास पुष्कळ वर्षें लागलीं. १९७२ मध्यें हैद्राबादेजवळ पाटणचेरू येथें 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि तेथील संशोधकांनीं रुंद वरंबा व सरी यांची पद्धति बसविली. सुमारें दीड मीटरचा टप्पा. त्यांत रुंद, सपाट वरंब्यावर पीक आणि शेजारीं उथळ सरी. पाऊस जास्त झाला तर सरीनें पाणी निघून जावें, ओढ लागली तर सरींत मुरलेलें पाणी वरंब्यास मिळावें. एकाच रचनेंत निचरा व साठवण या दोन्हीं गोष्टी बसविल्या होत्या. परंतु त्यासाठीं जें बैलजोडीचें चाकाचें अवजार काढलें तें इतकें महाग होतें कीं संशोधनक्षेत्राच्या कुंपणाबाहेर तें क्वचितच दिसलें. पुढें सोयाबीन आलें, ट्रॅक्टर आला, परभणी व अकोला येथील कृषि विद्यापीठांनीं ट्रॅक्टरमागें जोडावयाचीं पेरणीयंत्रें सिद्ध केलीं, तेव्हां कोठें ही पद्धति हिंगोलीच्या रानांत दिसूं लागली. चांगल्या सल्ल्यास पाटणचेरूहून कयाधूपर्यंत यावयास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं.

मधल्या काळाची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९४८ सालीं हैद्राबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें १९६८ च्या सुमारास पुरीं झालीं आणि वसमतच्या बाजूस ऊंस, केळी व हळद यांस पाणी मिळालें. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें या पाण्याचें फळ. १९७२ च्या दुष्काळानें रोजगार हमीची योजना दिली. पण उत्तरेकडील सेनगांव व औंढ्याच्या डोंगराळ पट्ट्यांत कालवा चढत नाहीं; तेथील शेतकरी पूर्वींप्रमाणें आभाळाकडे पाहूनच पेरतो. फरक इतकाच पडला कीं ज्वारी, तूर, मूग, अंबाडी यांच्या मिश्र पेरणीच्या जागीं बांधापासून बांधापर्यंत एकटें सोयाबीन उभें राहूं लागलें, आणि २००२ नंतर देशी कापसाची जागा बीटी कापसानें घेतली. हातांत रोख पैसा आला. एका पिकावर सारें वर्ष टांगलें गेलें, तेंही याच बरोबर.

अशा स्थितींत २०१८ सालीं जागतिक बँकेच्या साहाय्यानें महाराष्ट्र सरकारनें नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प हातीं घेतला. बँकेनें दिलेलें कर्ज ४२ कोटी डॉलरचें. राज्याचा वाटा धरून एकंदर खर्च सुमारें ४,००० कोटी रुपयांचा. मराठवाड्याचे आठही जिल्हे, विदर्भांतील सहा व जळगांव असे १५ जिल्हे आणि सुमारें ५,००० गांवें यांत होतीं. यांपैकीं ९३२ गांवें 'पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांतील' म्हणून घेतलीं होतीं. ही पूर्णा अकोला-बुलढाण्याकडून तापीस मिळणारी, हिंगोलीकडील गोदावरीस मिळणारी पूर्णा नव्हे. नकाशावर बोट ठेवल्याशिवाय सल्ला देऊं नये, याचें हें एक लहानसें कारण.

या प्रकल्पाची कल्पना मागील सर्व प्रयत्नांहून एका बाबतींत निराळी होती. गांवाचा आराखडा गांवानें करावा आणि तो पाण्याच्या जमाखर्चावर उभारावा, असें तींत ठरलें होतें. त्यासाठीं ग्राम कृषि संजीवनी समित्या नेमल्या गेल्या आणि पवईच्या आय. आय. टी. मधील अभियंत्यांनीं गांवाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत बसवून दिली. ही रीत गृहिणीच्या हिशेबाच्या वहीइतकी सोपी आहे, ती थोडी उलगडून पाहणें योग्य होईल. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर, म्हणजेच दहा घनमीटर पाणी पडलें. समजा, एका गांवाचें शिवार ७०० हेक्टरांचें आहे आणि पाऊस ८५० मिलिमीटर झाला. तर त्या गांवावर ५९ लाख ५० हजार घनमीटर पाणी उतरलें. गांवची वस्ती दोन हजार धरली आणि दरमाणशीं रोज ५५ लिटर पाणी धरलें, तरी वर्षाची गरज ४० हजार घनमीटरांच्या आसपास, म्हणजे शंभरांत एक भागही नव्हे. पांचशें हेक्टर सोयाबीनला ४५० मिलिमीटर पाणी लागलें तर तें साडेबावीस लाख घनमीटर. मग उन्हाळ्यांत टँकर कां येतो?

कारण जमेच्या रकान्यांतलें सारें पाणी आपल्या हातीं राहत नाहीं. कांहीं ओढ्यानें निघून जातें, कांहीं उन्हानें उडतें, मुरलेल्यापैकीं कांहीं खडकाखालून शेजारच्या शिवारांत जातें. आणि दख्खनच्या काळ्या पाषाणांत सांठा करण्यास जागाच थोडी. शिवाय बेरीज वर्षाची असते, पीक मात्र आठवड्यावर जगतें. ऑगस्टांत शेंगा भरतांना वीस दिवस पाऊस नसला, तर सप्टेंबरांतल्या मुसळधारेनें सरासरी पुरी होऊनही कोठार रिकामें राहतें. हें गणित गांवाच्या भिंतीवर मांडलें जाणें ही गोष्ट लहान नाहीं. आपल्या गांवांत पाऊस कमी पडतो या समजुतीची जागा, पडलेला पाऊस कोणाच्या विहिरींत जातो, या प्रश्नानें घेतली. असा प्रश्न विचारला गेला म्हणजे सभेंतील खेळीमेळी थोडी कमी होते, पण चर्चा खरी होते.

प्रकल्पाचें दुसरें अंग शेतीशाळेचें. हंगामभर ठराविक दिवशीं शेतकऱ्यांनीं एका शेतांत जमावें, शिफारशीप्रमाणें केलेला तुकडा व नेहमीच्या रीतीचा तुकडा शेजारींशेजारीं ठेवावा, कीड मोजावी, मित्रकीटक ओळखावे आणि मग फवारणीचा निर्णय घ्यावा, अशी ही योजना. हिचा जन्म कोठें झाला हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. १९८० नंतरच्या दशकांत इंडोनेशियांतील भातशेतीवर तुडतुड्यांनीं धाड घातली. औषधें जितकीं जास्त फवारावीं तितके तुडतुडे वाढत, कारण त्यांना खाणारे कोळी आधीं मरत. १९८६ मध्यें तेथील राष्ट्राध्यक्षांनीं ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून जावा बेटांत शेतकऱ्यांच्या शाळा बांधावर भरूं लागल्या. तेथून ती कल्पना आशिया व आफ्रिका खंडांत गेली आणि यथावकाश हिंगोलींत आली. गरीब देशांस सल्ला श्रीमंत देशांनींच द्यावा असा कांहीं नियम नाहीं; एका कुणब्याचा अनुभव समुद्र ओलांडून दुसऱ्या कुणब्यापर्यंत येऊं शकतो. बायकांना या कामांत ओढण्यासाठीं 'कृषि ताई' नेमण्याची तजवीज झाली, तीही योग्यच. खुरपणी, वेचणी आणि घरांतलें बियाणें राखणें हीं कामें ज्यांच्या हातीं, त्यांना सोडून शेतीचा विचार करण्याची जुनी खोड यांत थोडी तरी मोडली.

परंतु पैशाचा ओघ सल्ल्याच्या मागें जातोच असें नाहीं. अनुदानाची रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर थेट जमा होई, आणि ती काम पुरें झाल्यावर, तपासणी झाल्यानंतर. यामुळें मधल्या माणसांचे हात आंखडले, हा फायदा झाला. पण ठिबकसंच आधीं स्वतःच्या पैशानें घ्यावयाचा तर ज्याच्याजवळ पैसा किंवा पत आहे तोच पुढें सरणार. ज्याला आधाराची गरज अधिक तो सावकाराच्या दारांत उभा राहणार किंवा अर्जच करणार नाहीं. ओढ्याचें खोलीकरण, माथ्यावरचे चर, गांवचें गवत हीं कामें कोणा एकाचीं नसतात, म्हणून त्यांच्यासाठीं कोणी रांगेंत उभें राहत नाहीं. शेततळ्याची गोष्टही विचार करण्यासारखी आहे. पावसाचें वाहतें पाणी अडवून तें संकटकाळीं पिकास एक-दोन वेळां द्यावें, हा त्याचा हेतु. महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं त्यांत प्लॅस्टिकचें अस्तर घालून विहिरीचें पाणी पंपानें भरण्यांत येऊं लागलें. जमिनीखालीं सुरक्षित असलेलें, सर्वांच्या वांट्याचें पाणी वर काढून उन्हांत उघडें ठेवावयाचें, आणि त्यास जलसंधारण म्हणावयाचें! पाण्याच्या ताळेबंदाशीं हा व्यवहार सरळ विसंगत आहे, आणि तो रोखण्याचें बळ गांवच्या समितीस कोणीं दिलेलें नाहीं.

जैवविविधतेचा सल्ला वेगळ्या वाटेनें आला. डॉ. माधव गाडगीळ यांनीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत काम करीत असतांना, १९९० नंतरच्या दशकांत, लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना पुढें मांडली. गांवांत कोणतीं झाडें, कोणते मासे, कोणतीं धान्यें होतीं, कोणतीं उरलीं, कोणाला त्यांची माहिती आहे, हें गांवकऱ्यांनींच लिहून काढावें, अशी ती कल्पना. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेस त्यासाठीं समिती नेमण्याचें बंधन घातलें आणि २०१२ मध्यें महाराष्ट्राचें मंडळ नागपुरांत स्थापन झालें. काम मात्र रेंगाळलें. तेव्हां २०१९ सालीं राष्ट्रीय हरित लवादानें फर्मावलें कीं ३१ जानेवारी २०२० पर्यंत सर्व नोंदवह्या पुऱ्या व्हाव्यात, नाहीं तर राज्यांनीं दरमहा दहा लाख रुपये भरावे. मग काय विचारतां! जें काम ऋतुऋतूंतून, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून करावयाचें, तें देशभर मक्त्यानें देण्यांत आलें, आणि देशांत कित्येक ठिकाणीं एका गांवची वही दुसऱ्या गांवास जशीच्या तशी शोभेल अशी झाली. कायद्याचा हेतु चांगला, लवादाचा हेतुही चांगला. गांव मात्र या सर्वांत गैरहजर.

वास्तविक हिंगोलीच्या नोंदवहींत लिहिण्यासारखें पुष्कळ आहे. माळावरचें काळवीट आहे. पिकांत शिरून शेतकऱ्यास हैराण करणारे रोही आहेत, आणि त्यांविषयींचा राग लिहून ठेवणें हाही नोंदीचाच भाग आहे. उन्हातान्हांत, रोड वैरणीवर काम करणारें लाल कंधारी गोधन आहे. ट्रॅक्टर आल्यापासून त्याच्या बैलांस काम उरलें नाहीं, आणि काम गेलेल्या जनावराचा वंश अनुदानावर किती दिवस टिकणार, हें सांगणें कठीण आहे. आणि गावराणी कापूस. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्रांतील बीटी कापसाची बोंडें पोखरलीं, तेव्हां या जुन्या वाणाचें नांव पुन्हां लोकांच्या तोंडीं येऊं लागलें. रस शोषणाऱ्या किडींपुढें व पाण्याच्या ताणापुढें देशी कापूस टिकतो, हें परभणीच्या संशोधकांस ठाऊक होतें. त्यांनीं देशी कापसावरील काम सोडलें नव्हतें, आणि गावराणीच्या वंशांतून लांब धाग्याचीं नवीं देशी वाणें त्यांनीं काढलीं आहेत.

२०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यांत सोयाबीन फुलावर असतांना करपलें. त्यापुढच्याच वर्षीं, २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, हिंगोली, परभणी व नांदेड या जिल्ह्यांत असा पाऊस कोसळला कीं कयाधूनें कांठचीं शेतें मातीसकट नेलीं. एकाच शिवारानें वर्षाच्या अंतरानें दोन्हीं संकटें पाहिलीं. पहिला टप्पा २०२४ मध्यें संपत असतांना राज्य सरकारनें प्रकल्पाचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांत नेण्याचें ठरविलें, आणि गांवोगांव पुन्हां समित्या, पुन्हां आराखडे सुरू झाले. पहिल्या आराखड्यांतलीं गणितें बव्हंशीं टंचाईचीं होतीं. पुराचें पाणी कोणाच्या शेतांतून वाट काढणार, आणि ज्याच्या शेतांतून तें जाणार त्याला गांव काय देणार, हा रकाना आतां नव्यानें आंखावा लागेल. परभणीस मेहबूबबागेंतील संशोधनक्षेत्रावर देशी कापसाच्या ओळी दरवर्षीं लावल्या जातात. तेथून हिंगोली दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे.